एका शब्दात उत्तर लिहा

पेशी हा शब्द आमच्या घरात शाळेतून आला नाही, कोर्टातून आला. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, शेजाऱ्याशी बाबांचा दावा चालू होता, आणि महिन्या-दोन महिन्यांनी ‘उद्या पेशी हाय’ असं म्हणत ते धुतलेलं धोतर काढून ठेवायला सांगायचे. मी दहावीला गेलो, विज्ञानाचं पुस्तक मायच्या हातात दिलं आणि तिनं बोट ठेवून पहिलाच प्रश्न वाचला, ‘पेशी म्हणजे काय?’ तेव्हा तिनं पुस्तक मिटलं आणि विचारलं, की आता लेकराइलेही कोर्टात उभं करून राह्यले का. मी सांगितलं, ही पेशी वेगळी, ही अंगात असते, माणसाचं सगळं शरीर पेशींचंच बनलेलं असतं. ती म्हणाली, तुह्या बापाचं तं बनलंच हाय. बाबा तिथंच पायऱ्यांवर बसून बैलाच्या गळ्यातला पट्टा शिवत होते. दोरा दातानं तोडताना ते हसले, हे मी पाहिलं.

माय चौथी शिकलेली होती आणि त्या चौथीचा तिला अभिमान होता. समुद्रपूरच्या अलीकडच्या आमच्या गावात तिच्या वयाच्या किती बायांना वाचता येत होतं, हे ती बोटांवर मोजून सांगत असे. शिकवणी वगैरे प्रकार तेव्हा आमच्या गावापर्यंत पोचला नव्हता. मग प्रश्न विचारायचं काम मायनं आपल्याकडे घेतलं. चुलीवर तवा, एका हातावर भाकर, आणि चुलीच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं पुस्तक. पानं पलटायला तिचे हात रिकामे नसत, म्हणून पान पलटायचं काम माझं. पण उत्तरांचा भाग मला दिसू नये म्हणून तिनं त्यावर एक ताटली आडवी टेकवायची युक्ती काढली होती. जोडाक्षर आलं की ती थांबायची, भाकर थापायची, आणि मग धाप्पकन एका दमात ते म्हणून टाकायची. तंतुकणिका हा शब्द तिला फार आवडला. प्रद्रव्यपटल तिनं कधीच उच्चारला नाही. ‘ते प-चं’ म्हणायची, आणि मी ओळखायचं. उत्तर बरोबर की चूक हे तिला कळत नसे असं कुणाला वाटलं तर तो गाढव. ती माझ्या आवाजावर लक्ष ठेवून असे. मी अडखळलो की भाकर उलटता उलटता म्हणायची, इथं गडबड हाय, पुन्हा सांग. शंभरातल्या नव्याण्णव वेळा तिथं गडबड असायचीच.

आता माझी नात, म्हणजे लेकीची लेक, आम्ही आता राहतो त्या पिपरीच्या घरी सुट्टीत येते तेव्हा फोनवर असेच प्रश्न सोडवत बसलेली असते. चार पर्याय, बोट लावायचं, हिरवं झालं तर बरोबर, लाल झालं तर चूक. मला म्हणते, आजोबा, तुम्ही करून पाहा. मी करतो, आणि मग तिलाच विचारतो की बरोबर आलं का. तिला वाटतं आजोबांना चष्मा बदलायला हवा. तिला तसं वाटू द्यावं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

तर मिरची. आमच्या अर्ध्या वावरात कापूस आणि उरलेल्यात मिरची असे. मिरची लाल व्हायला लागली की तोडा सुरू व्हायचा. बाया ओळीनं उभ्या राहत, ओटीत लाल-लाल मिरच्या पडत, आणि गप्पा तर अशा चालत की एका टोकाची बातमी दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिचं लग्नही लागून गेलेलं असे. रविवारी मलाही ओळीत उभं करत. माझी ओटी सगळ्यांत हळू भरायची आणि पाटीत रिकामी केली की बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, कारण तिच्यात निम्म्या हिरव्या. मागं पाहावं तर झाडावर लाल तशाच लोंबत असायच्या म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की मला त्या लोंबताना दिसत नव्हत्या. हळूहळू मी एक शिकलो: पिकलेली मिरची बोटाला थोडी नरम लागते, तिच्या अंगाला बारीक सुरकुती असते. मग मी पाहणं सोडून चाचपायला लागलो. त्यामुळे चुका कमी झाल्या आणि वेग आणखी कमी झाला. मायला वाटे, कार्टं आळस करून राह्यलं. ती सगळ्यांच्या देखत म्हणायची, “गेला मामावर.”

मामावर गेला, असं आपल्याकडे कौतुकानं म्हणतात. नाक मामाचं, चाल मामाची. आमच्या घरी ती शिवी होती. दिवाकरमामा मायचा पाठचा भाऊ, तिच्याहून दोन वर्षांनी लहान. त्याला रेल्वेत नोकरी लागायची होती. परीक्षा पास झाला, नाव निघालं, माझ्या आजोबांनी गावभर सांगून टाकलं, आणि हा नागपूरला शेवटच्या तपासणीला म्हणून गेला तो दोन दिवसांत परत आला. मले नाई करायची नौकरी, एवढंच म्हणाला. काऊन विचारलं तर वावरात निघून गेला. आजोबांनी समजावलं, ओरडून पाहिलं, एकदा तर त्याच्या पाया पडायला वाकले म्हणे. हा आपला ढिम्म. त्याच थंडीत मायचं लग्न झालं. पुढच्या भाऊबीजेला मामा आमच्या घरी आला, पिशवीतून लुगडं काढलं आणि माझ्या आजीच्या, आत्यांच्या समोर म्हणाला, ताई, तुह्यासाठी लाल आणलं. घडी उघडली तर शेवाळ्याच्या रंगाचं. सासरच्या बाया हसल्या. मायला वाटलं, सरकारी नोकरीची चेष्टा केली तशी यानं माझीही केली. त्यानंतर चार-पाच महिन्यांत आजोबा गेले, आणि तेराव्याला माय सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, की तू बाबाले खाल्लं. मामा त्यावरही काही बोलला नाही. पुढं तो तळेगावला, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पिठाची चक्की टाकून राहिला. मी त्याला लहानपणी कुणाच्या तरी लग्नात एकदा पाहिलं होतं, तेही लांबून. आमच्या घरी भाऊबीजेला माय चंद्राला ओवाळायची.

शाळेत माझी कीर्ती काही निराळी नव्हती. भगत सर आम्हाला विज्ञान शिकवत. माणूस उंच, आवाज हळू, आणि फळ्यावर आकृती अशी काढायचा की पुसताना वाईट वाटावं. ‘फरक स्पष्ट करा’, ‘शास्त्रीय कारणे लिहा’, ‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा’ अशा नावांनी त्यांनी सगळं पुस्तक कापून ठेवलं होतं. हृदय शिकवलं त्या दिवशी त्यांनी रोहिण्या लाल खडूनं काढल्या, नीला निळ्यानं आणि बाहेरची रेघ पांढऱ्यानं. मी मान खाली घालून मन लावून सगळं उतरवलं. दुसऱ्या दिवशी वही तपासताना सर माझ्यापाशी थांबले. माझ्या हृदयात अशुद्ध रक्त येत होतं, पण शुद्ध रक्त बाहेर जायला वाटच नव्हती. एकही रोहिणी काढलेली नव्हती. सर म्हणाले, याचा माणूस दोन मिनिटांत मरते. वर्ग हसला. मला तासभर बाकावर उभं केलं. उभा राहून मी पुसलेल्या फळ्याकडे पाहत होतो आणि खरंच आठवत नव्हतं की तिथं काही लाल होतं. काळ्या फळ्यावर लाल खडू मला दिसतच नाही, हे कुणाला सांगावं असं मला सुचलं नाही, कारण दिसत नाही हेच मला ठाऊक नव्हतं. जे दिसत नाही ते नसतंच, अशी माझी समजूत.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, कारण लोक फार विचारतात. मला जग काळं-पांढरं दिसत नाही. आकाश निळं दिसतं, झेंडू पिवळा दिसतो. फक्त लोक ज्याला लाल म्हणतात आणि ज्याला हिरवं म्हणतात, ती दोन्ही माझ्याकडे मळकट होऊन एकाच पोत्यात येतात. आणि लाल जरा अंधारातच राहतं. वाण्याच्या दुकानात टोमॅटो निवडायला मला पाठवू नका एवढंच.

सहामाही गेली, पूर्वपरीक्षा जवळ आली. आनुवंशिकतेचा धडा शेवटचा, आणि भगत सरांनी त्याचे हमखास येणारे प्रश्न लिहून दिले. मेंडेलचे वाटाणे, मुलगा की मुलगी हे कुणावर ठरतं (हा प्रश्न मायनं बाबांना दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला), आणि रंगांधळेपणा. ही उत्तरं मी इतकी घोकली होती की झोपेतही सांगितली असती. ‘रंगांधळ्या व्यक्तीस लाल व हिरवा हे रंग ओळखता येत नाहीत.’ असं मी पन्नास वेळा तरी म्हटलं असेन. आता हसू येतं. पन्नास वेळा म्हणूनही ते वाक्य माझ्याबद्दल आहे, असं एकदाही मनात आलं नाही. पुस्तकातली माणसं वेगळी आणि आम्ही वेगळे, असंच आम्ही धरून चालायचो.

दुपार होती. सांदवाडीत, घराच्या मागच्या मोकळ्या जागेत, ताडपत्रीवर मिरची पसरली होती. माय आणि मी देठ खुडत होतो. तिखटाच्या खकाण्यानं नाकं गळत होती, मधेच कुणीतरी शिंकायचं, कोठ्यातली गाय दचकायची. पुस्तक मायच्या मांडीवर होतं. तिनं विचारलं, रंगांधळेपणा म्हणजे काय. तिनं तो शब्द तोडून वाचला, रंग आणि आंधळा. मी तोंडपाठ उत्तर म्हटलं. लाल व हिरवा हे रंग ओळखता येत नाहीत. तिनं पुढचा प्रश्न वाचला नाही. मला वाटलं जोडाक्षर आलं असेल. वर पाहिलं तर ती माझ्या पुढच्या ढिगाकडे पाहत होती. लाल वेगळ्या आणि न पिकलेल्या वेगळ्या करायला तिनं मला सांगितलं होतं, आणि माझे दोन्ही ढीग सारखेच झाले होते.

तिनं ताज्या तोडलेल्या पाटीतून दोन मिरच्या घेतल्या, एकाच लांबीच्या, आणि तळहातावर ठेवून माझ्यापुढं धरल्या.

“कोणती लाल, वसंता?”

मी सवयीनं हात पुढं केला. तिनं मूठ मिटली. “हात नको लावू. पाहून सांग.”

मी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डावीकडची म्हणालो. तिनं मिरच्या खाली ठेवल्या आणि पुस्तक उचललं. पुढचा प्रश्न तिनं फार हळू वाचला: हा दोष मुलाला कोणाकडून मिळतो? मी सांगायला लागलो, कारण उत्तर पाठ होतं आणि तोंड आपोआप चालत होतं. मुलाला एक्स गुणसूत्र आईकडून मिळतं, म्हणून हा दोष मुलाला आईकडून मिळतो. आई स्वतः रंगांधळी नसते, ती वाहक असते. म्हणून बरेचदा हा दोष मामात आणि भाच्यात दिसून येतो. हे शेवटचं वाक्य म्हणताना मात्र माझं तोंड थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं उत्तर म्हणता म्हणता ऐकलं.

 मायनं उरलेल्या मिरच्यांचे देठ खुडले, सगळ्या, एकेक. संध्याकाळी वरणात मीठ घालायचं विसरली. बाबांनी मुकाट खाल्लं. पुढचे आठ दिवस तिनं मला प्रश्न विचारले, पण त्या धड्यातले नाही. आणि एक झालं: ‘गेला मामावर’ हे तिच्या तोंडून गेलं ते गेलंच. मधे एकदा मला एवढंच विचारलं, की हे आंधळेपण वाढत जाते का. मी म्हटलं, नाही, जन्मापासून असते तेवढंच राहते. ती म्हणाली, म्हणजे त्यालेही तवापासूनच असन. मग बोरांची गोष्ट निघाली. लहानपणी दोघं बोरं वेचायला जात तेव्हा हा नेहमी कच्ची आणायचा आणि ती त्याला मारायची. हे सांगताना तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते मिरचीच्या नावावर घातलं.

आठव्या दिवशी बाबा जेवता जेवता म्हणाले, मंग जाऊन ये ना, वाट कोनाची पाहून राह्यली. तिनं विचारलं, पोराच्या परीक्षेचं काय. बाबा म्हणाले, पोरालेही ने, पुस्तकं ने. बाबा दावा चालवणारे गृहस्थ. समोरासमोर विचारल्याशिवाय निकाल लागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

समुद्रपूरहून पहिल्या एसटीनं आम्ही निघालो. वर्ध्याला गाडी बदलली, आर्वीला पुन्हा बदलली. मायच्या मांडीवर मिरचीची पिशवी आणि पिशवीवर माझं पुस्तक. वेळ वाया जाऊ नये म्हणून तिनं एसटीतच प्रश्न सुरू केले, तेही इंजिनाच्या वर आवाज काढून. मूत्रपिंडाची कार्ये लिहा, असं तिनं विचारलं आणि अर्धी गाडी वळून पाहायला लागली. मी कानकोंडा झालो. पुढच्या सीटवरचा फेटेवाला म्हातारा म्हणाला, सांग ना बाबू, आमालेही समजू दे. मी सांगितलं. लाळेचं कार्य सांगितलं, श्वसनाचे टप्पे सांगितले. आर्वीपर्यंत त्या गाडीतल्या माणसांना पचनसंस्था पाठ झाली असावी. पण तळेगावचा फाटा दिसला तशी माय गप्प झाली. पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं आणि सोडायचं, असं तिचं चाललं होतं. सतरा वर्षांत ती भावाशी एक अक्षर बोलली नव्हती. तो दारातूनच फिरवून लावील, ही भीती तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होती, आणि तिच्या जागी मी असतो तर फाट्यावरूनच परत फिरलो असतो.

चक्कीचा आवाज गल्लीच्या तोंडापासूनच येत होता. पट्टा फटफटत होता, आत सगळं पांढरं. मामाच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पीठ बसलेलं. तो पत्र्याच्या तोंडातून पडणारं पीठ अंगठा आणि बोट यांच्यात चोळून पाहत होता, बारीक झालं की नाही ते. त्यानं आम्हाला पाहिलं आणि हात तसाच राहिला. माय काही म्हणाली, पण पट्ट्याच्या आवाजात ऐकू गेलं नाही. मामानं चक्की बंद केली. आवाज थांबायला वेळ लागला. रांगेत डबे घेऊन उभ्या असलेल्या दोन बाया आपल्या आपणच बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

मायनं रुमालाची गाठ सोडली. त्यात दोन मिरच्या होत्या, सकाळीच झाडावरून तोडलेल्या. तिनं त्या तळहातावर ठेवून त्याच्यापुढं धरल्या.

“कोणती लाल, दिवाकर?”

मामानं मिरच्यांकडे पाहिलंच नाही. तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. “दोनी सारख्याच दिसते मले, ताई,” तो म्हणाला.

“मंग तवा काऊन नाई सांगितलं? बाबा पाया पडले तुह्या.”

तो पोत्यावर बसला. हात मांडीवर पुसले, मांडीही पांढरी झाली. सांगायला लागला तो असा सावकाश, जसं काही हे बोलणं त्यानं फार वर्षांपूर्वी दळून डब्यात भरून ठेवलं होतं. नागपूरला डॉक्टरनं ठिपक्या-ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, आकडा कोणता दिसते विचारलं. याला एकही दिसला नाही. रंगांधळा लिहून दिलं. यानं विचारलं, घरी बहीण हाय, तिलेही हे होते का. डॉक्टर म्हणाला, तिले होणार नाही, पण तिच्या पोरात निघू शकते.

“त्याच हप्त्यात तुले पाह्यले येनार होते,” मामा म्हणाला. “भाऊ आंधळा हाय, पोरं आंधळी होतीन, असं गावानं म्हटलं असतं. कोनं पसंत केलं असतं तुले? नौकरी नाई करायची म्हटलं तं मीच खराब झालो. तू तं सुटली.”

 माय तिथंच, पिठाच्या फरशीवर बसली आणि रडली, आवाज काढून, लहान पोरीसारखी. तेराव्याला काय म्हणाली होती ते तिनं पुन्हा पुन्हा बोलून दाखवलं. मामा म्हणाला, म्हनली तं म्हनली. मग माझ्याकडे बोट करून त्यानं विचारलं, याले बी का? मायनं मान हलवली. तो उठला, माझ्या डोक्यावर पिठाचा पंजा ठेवला, आणि हसला. जन्मापासून ज्याच्या नावानं मी शिव्या खाल्ल्या तो माणूस माझ्यासारखा हसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

“म्हनजे खरंच मामावर गेला,” तो म्हणाला.

मामीनं झुणका-भाकर केली. माय उठून चुलीपाशी गेली आणि मामीच्या हातातला उंडा घेऊन स्वतः थापायला लागली. जेवताना माझं पुस्तक मामानं मागितलं. तो धडा त्यानं पूर्ण वाचला, गुणसूत्रांची चार चौकोनांची आकृती उलटी-सुलटी करून पाहिली, आणि विचारलं, हे आता पोराइले शाळेतच शिकवतात का. मी हो म्हटलं. बरं झालं, म्हणाला, आणि पुस्तक पिठाच्या बोटांनी परत केलं. त्या पानावर त्याचा अंगठा बरीच वर्षं होता.

परत आल्यावर मी भगत सरांना सांगितलं, सगळं नाही, लाल खडूपुरतं.  दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मला एकट्याला थांबवलं आणि फळ्यावर हृदय पुन्हा काढलं, रोहिण्या पिवळ्या खडूनं. म्हणाले, पाहा, जाते का रक्त आता बाहेर. जात होतं. पुढं मी स्वतः विज्ञानाचा शिक्षक झालो, आणि निवृत्त होईपर्यंत माझ्या वर्गात लाल खडू आला नाही. पोरं मला ‘पिवळे सर’ म्हणत. त्याचं कारण त्यांना माहीत नव्हतं, आणि मीही सांगत नसे. फक्त प्रत्येक नव्या वर्गापुढं दोन तळहातांवर दोन मिरच्या धरून कोणती लाल ते विचारायचो, आणि दरवर्षी एखाद-दुसरं पोर त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहायचं.

बोर्डाच्या पेपरात तो प्रश्न आला. ‘शास्त्रीय कारण लिहा: मामातील रंगांधळेपणा भाच्यात दिसून येऊ शकतो.’ मी पेन खाली ठेवलं. शेजारच्या पोराला वाटलं मला येत नाही, आणि त्यानं दयाळूपणे आपला पेपर सरकवला. मला येत होतं. फक्त कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं. चक्कीपासून, की बोरांपासून? शेवटी गुणसूत्रांपासूनच केली. चार चौकोन काढले, नावं घातली. खाली एक वाक्य जास्तीचं लिहिलं: यात आईचा काही दोष नसतो आणि मामाचाही नसतो. तपासणाऱ्यानं त्याला गुण दिले की नाही कोण जाणे. पुस्तकात ते वाक्य नव्हतं.

त्या दिवाळीच्या तोंडावर मामा आला. थेट घरी नाही. मी तेव्हा अकरावीला हिंगणघाटला जात होतो, तो आधी माझ्या कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, चल, तुह्या मायले लुगडं घेऊ, लालच घ्यायचं हाय. दुकानात ही गर्दी. मामानं लाल दाखवा म्हटलं, दुकानदारानं हाताला लागल्या तशा सात-आठ साड्यांचा ढीग आमच्यापुढं फेकला आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. आम्ही दोघं ढिगाकडे पाहत बसलो. मी म्हटलं, मामा, विचारून घेऊ, यातली लाल कोणती. तो म्हणाला, नाई. एवढी वर्षं नाई विचारलं, आता काय विचारतो. मग आम्ही आम्हाला येत होतं ते केलं: प्रत्येक साडी बोटांनी चाचपून पाहिली, सगळ्यांत मऊ निघाली ती घेतली.

भाऊबीजेला मायनं त्याला ओवाळलं. त्यानं पिशवी पुढं केली. तिनं घडी उघडली आणि साडी मांडीवर पसरली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो, मामाही पाहत होता. आम्हा दोघांना साडीकडे पाहून काही उपयोग नव्हता. शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या, त्या काहीतरी बोलायला गेल्या. मायनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्यांचं तोंड मिटलं.

“लालच हाय,” माय म्हणाली. “अशीच पाह्यजे होती मले.”

उठून आत गेली आणि नेसून आली. पुढं प्रत्येक भाऊबीजेला ती तीच साडी नेसायची, मामा होता तोवर, आणि तो गेल्यावरही. आता माय नाही. साडी माझ्या कपाटात आहे. बायको वर्षातून एकदा तिला ऊन दाखवते, आणि तिला रंग दिसतो. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं ती पाहिली तेव्हा ती सांगायला लागली होती. मी तिला थांबवलं, आणि तिनं आजवर सांगितलेला नाही. परवा नातीनं ती दोरीवर वाळताना पाहिली आणि विचारलं, आजोबा, ही पणजीची साडी कोणत्या रंगाची आहे, ओळखा. एका शब्दात उत्तर लिहा, अशातला हा प्रश्न. माझं उत्तर पाठ आहे. मी लाल म्हणालो. नात साडीकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे, आणि मग तिनं हळूच सांगितलं, की बरोबर आहे.